न रुतलेली गाडी

गाडी रुतली. चांगली पोटापर्यंत रुतली. पाहुण्यांच्या देखत, मंडपापासून हाकेच्या अंतरावर, चारही चाकं मातीत घालून अशी फतकल मारून बसली की जणू जन्मभर उभं राहून तिचे पाय दुखत होते.

तर असं काही घडलेलं नाही. कारखान्याची अधिकृत भूमिका तशी आहे, आणि ज्या कारखान्यात घरातली दोन माणसं नोकरीला आहेत त्याच्या अधिकृत भूमिकेच्या आड कोण येणार? तेव्हा गाडी रुतलेली नाही असं धरून आपण पहिल्यापासून सुरुवात करू.

कारखाना जिथे रस्ता नाही तिथे चालणाऱ्या गाड्या बनवायचा. मागच्या अंगाला एक लांबलचक शेड होती, शेडमध्ये सिमेंटचा हौद होता आणि हौदात माती होती. लोखंडी चौकटीत एकच चाक अडकवायचं, ते या मातीवरून इकडून तिकडे ओढायचं, आणि ते किती जोर लावतं, किती घसरतं, किती खाली जातं ते मोजायचं, एवढंच त्या शेडमधलं काम. हे काम बघणाऱ्या इंजिनिअर बाईला सगळा कारखाना मातीवाली म्हणायचा. तिची आई शेजारणींना सांगायची, "आमची मुलगी संशोधन करते."

"अगंबाई, कशाचं?"

"मातीचं."

"एवढं शिकवून?" असं म्हणून शेजारीण आईच्या खांद्यावर हात ठेवायची.

कारखान्यात त्या मातीइतके लाड कुणाचेच होत नव्हते. कामगारांना पंखे नव्हते, मातीला ताडपत्री होती. रोज ती उकरायची, पाणी शिंपायचं, रोलर फिरवायचा, झाकून मुरू द्यायची, मग टोकदार सळई बोटभर खुपसून आत जायला किती जोर लागतो ते बघायचं. आजची माती हुबेहूब कालच्यासारखी हवी, नाहीतर आजच्या चाकाची कालच्या चाकाशी तुलना कशी करणार? खडे वेचून झाले होते, मुळं चाळून झाली होती. एखादं गांडूळ निघालंच तर त्याच्याकडे गेटपास नसल्यामुळे त्याला सन्मानानं बाहेर सोडलं जायचं. वर्षानुवर्षं असं केल्यावर ती माती इतकी सभ्य झाली होती की कुठलंही चाक आलं की ती आधी जरा दबायची, मग घट्ट धरायची, आणि चाक पास व्हायचं. त्या हौदात आजवर एकही चाक नापास झालं नव्हतं. गवताचं एक पातंही उगवलं नव्हतं, पण ते कुणी मोजत नव्हतं.

मातीवालीचे बाबा त्याच कारखान्यात चालक होते. नवी गाडी तयार झाली की पहिल्यांदा चिखलात, वाळूत, खडकाळ उतारावर घालायचे ते बाबा. त्यांचं एक वाक्य होतं. जेवताना, पेपर वाचताना, डॉक्टरनं जीभ बाहेर काढायला सांगितल्यावर ती आत घेता घेता, कुठेही ते वाक्य यायचं: "आयुष्यात माझी गाडी एकदाही रुतली नाही."

"आणि सोफ्यात रुतता त्याचं काय?" आई म्हणायची.

"सोफा काही माझ्या नावावर नाही."

बाबा महिनाअखेरीला निवृत्त होणार होते. कारखान्याचा नियम असा, की चालकानं शेवटची गाडी गॅरेजमध्ये लावायची, किल्ली जमा करायची, की तो सुटला. बाबांची शेवटची गाडी म्हणजे पाहुण्यांसमोरचं प्रात्यक्षिक होतं. कारखान्यामागच्या सखल, ओल्या मैदानातून नवी गाडी या टोकाकडून त्या टोकाला न्यायची. त्यांना दुसरं काही नको होतं. गाडी पार न्यायची, परत आणायची, किल्ली द्यायची आणि पुढची सगळी वर्षं सोफ्यात बसून तेच वाक्य म्हणायचं.

प्रात्यक्षिकाचे सर्वेसर्वा होते टिचकीसाहेब. हे नाव त्यांना आईवडिलांनी दिलेलं नव्हतं, त्यांनी ते कष्टानं कमावलं होतं. गाडीजवळ गेले की ते टायरवर टिचकी मारायचे. 'टण्' वाजलं की खूश. 'थप्प' वाजलं की कुणाचा तरी दिवस गेला. मऊ टायर म्हणजे ढिसाळ कारभार, असं त्यांचं मत होतं, आणि ते मत त्यांनी कारभार सोडून बाकी सगळ्या गोष्टींना लावून पाहिलं होतं.

प्रात्यक्षिकाच्या आधी काही दिवस मातीवाली हौद साफ करून घेत होती, तर फावडं खण्णकन खाली आपटलं. तिनं आणखी एक-दोन ठिकाणी बघितलं. तिथेही खण्ण. माती चाळण्यात थोडी गेली होती, थोडी कामगारांच्या बुटांना चिकटून घरोघर गेली होती. उरलेला थर इतका पातळ होता की चाक जरा खाली जायचं आणि सिमेंटच्या आधारावर थांबायचं. म्हणजे इतकी वर्षं ही चाकं मातीवर नव्हे, मातीखालच्या सिमेंटवर उभी राहून पास होत होती. तिला आधी हसू आलं. मग मैदानात कोण गाडी घालणार आहे ते आठवलं आणि हसू होतं तिथेच जिरलं.

ती तशीच मातीच्या हातांनी साहेबांकडे गेली.

"साहेब, आपल्या हौदाला तळ आहे."

"असायलाच हवा. नाहीतर माती गळून नसती का गेली?"

"बाहेरच्या मैदानाला नाहीये."

"मॅडम, पृथ्वीलाही तळ असतो. जरा खाली आहे, इतकंच."

"गाडी तिथपर्यंत जायला नकोय ना, साहेब! निदान टायरची हवा तरी कमी करू द्या. हवा कमी केली की टायर पसरतो, त्याचं पाऊल मोठं होतं, भार वाटला जातो. गच्च हवा भरली तर तो टाचेच्या चपलेसारखा मातीत घुसेल."

"बसका टायर?" साहेब खुर्चीतून अर्धे उठले. "फोटोत पंक्चर दिसेल! पाहुणे म्हणतील, यांच्याकडे पंपही नाही."

"मग गाडी दुसरीकडून तरी न्या."

"ठरलंय ते ठरलंय. आणि मैदान ओबडधोबड नको हं. तुमच्या हौदातल्यासारखं गुळगुळीत करून घ्या."

झालं, मैदानावर रोलर फिरला. सूर्यानं वरचा थर वाळवला. दिसायला इतकं देखणं झालं की साहेबांनी तिथे उभं राहून स्वतःचा फोटो काढून घेतला. वर पापुद्रा, खाली लगदा. मातीवालीनं सळई खुपसली तर पापुद्र्याशी जरा अडखळली, आणि मग तिच्या हातातून अशी सुळ्ळकन गेली की पुढे कितीतरी वेळ ती नुसती मूठ धरून उभी होती. सळई परत मिळाली नाही. तिच्याबद्दल भांडार विभागानं खुलासा मागवला.

घरी तिनं बाबांना सगळं सांगितलं. बाबांनी पेपर खाली ठेवला, हेच मुळात गंभीर होतं.

"सांगा की, ताप आलाय म्हणून," आई म्हणाली.

"शेवटच्या गाडीला ताप? उद्या लोक म्हणतील, म्हातारा घाबरला." मग लेकीकडे वळून ते म्हणाले, "हवा कमी असेल तर मी गाडी पार काढीन. एका दमात, पाय न हलवता, मध्ये न थांबता. असल्या लगद्यातून काढल्यात मी."

"हवा मी काढते सकाळी. कुणी बघायच्या आत."

"काढ. मी खाली वाकून बघणार नाही."

"का? तुम्ही तर रोज बघता."

"मी टायरकडे बघितलं की साहेबही बघतो. आणि बघितलं की टिचकी मारतो. तू काढलीस म्हटल्यावर काढलीस. त्यात बघायचं काय?"

आयुष्यभर या माणसानं टायरकडे बघितल्याशिवाय गाडीत पाय ठेवला नव्हता. बायकोची रिक्षा आली तरी आधी रिक्षाचे टायर बघायचे. त्या एका दिवशी बघायचे नाहीत असं ठरलं, आणि ते लेकीची नोकरी वाचावी म्हणून.

सकाळी तिनं ठरल्याप्रमाणे चारही टायरची हवा काढली. प्रत्येक टायरनं लांब उसासा टाकला आणि अंग सैल सोडलं. गाडी प्रथमच जमिनीवर नीट बसल्यासारखी दिसली. मग तिला मंडपात बोलावणं आलं. पाहुण्यांना मातीबद्दल काही शंका असल्यास निरसन करायला तिला पहिल्या रांगेच्या कडेला उभं केलं होतं. पाहुण्यांना शंका एकच होती, जेवण कधी आहे. तिचं निरसन तिनं केलं.

इकडे गॅरेजमध्ये फोटोवाला गाडीचे फोटो काढायला गेला. त्या बिचाऱ्याचा यात काही दोष नाही. त्याला गाड्यांतलं काही कळत नव्हतं, आणि कळत नसणाऱ्या माणसाला जे दिसतं तेच त्याला दिसलं.

"साहेब, चारही टायर बसलेत."

साहेब धावले. टिचकी मारली. थप्प. दुसरी मारली. थप्प. म्हणाले, "घातपात!" आणि हवा भरणाऱ्याला बोलावून चारही टायर असे तट्ट फुगवून घेतले की टिचकी मारल्यावर बोट झिणझिणलं. त्या वेळी बाबा गॅरेजच्या मागे नव्या शर्टाची बटणं लावत होते. ते आले, ठरल्याप्रमाणे खाली न बघता गाडीत चढले, आणि ठरल्याप्रमाणे निघाले.

गाडी गॅरेजमागून वळून मैदानाच्या तोंडाशी आली तेव्हा मातीवालीनं टायर पाहिले. गोल, ताठ, चकचकीत. जमिनीला टेकलेत की नाही अशी शंका यावी असे. माइक साहेबांच्या हातात होता, मध्ये दोरी बांधलेली होती, इंजिन गुरगुरत होतं. तिनं हात वर केला आणि जोरजोरात हलवला. थांबा, बाबा, थांबा.

बाबांनी काचेतून लेकीला पाहिलं. आणि त्यांनीही हात हलवला.

ते पाहून पाहुण्यांना भरून आलं. पहिल्या रांगेनं हात हलवले, मग दुसऱ्या रांगेनं. "या आमच्या चालककाकांच्या कन्या!" साहेब माइकवर म्हणाले. "निवृत्तीआधीची शेवटची फेरी!" टाळ्या पडल्या. मातीवाली आता दोन्ही हात हलवत होती, आणि अख्खा मंडप तिच्याबरोबर दोन्ही हात हलवत होता. बाबांनी शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले आणि गाडी झोकात मैदानात घातली.

पापुद्र्यानं थोडा वेळ दम धरला. तेवढ्या वेळात गाडी बरीच आत गेली, म्हणजे परत फिरता येणार नाही इतकी. मग पुढची चाकं वाकून नमस्कार केल्यासारखी खाली गेली. हवा कमी आहे या भरवशावर बाबांनी पायाखालचा जोर तसाच ठेवला. टायरच्या दातांनी माती धरली, पण त्या मातीला खालची माती धरून नव्हती. चाक फिरत राहिलं, माती मागे फेकत राहिलं, आणि पुढे जायच्या ऐवजी स्वतःसाठी खड्डा खणत राहिलं. चिखलाचा एक लपका उडून पहिल्या रांगेतल्या मुख्य पाहुण्यांच्या कोटावर बसला. मागची चाकंही गेली. गाडीचं पोट जमिनीला टेकलं, आणि सगळं शांत झालं.

त्या शांततेत टिचकीसाहेबांचा आवाज आला, आणि मान्य करायला हवं, त्या क्षणी तो माणूस थोर होता.

"जागेवर उभी राहूनसुद्धा आमची गाडी चाकं फिरवू शकते, हे आपण आत्ताच पाहिलंत."

पाहुण्यांनी एकमेकांकडे पाहिलं. एक टाळी वाजली. मग बऱ्याच.

"आणि पकड बघा! ढकलून दाखवा कुणीही. एक इंच हलणार नाही!"

"अशी किती वेळ राहू शकते?" कोट पुसत मुख्य पाहुण्यांनी विचारलं.

"आपण म्हणाल तितका," साहेब म्हणाले.

पाहुणे खूश होऊन जेवायला गेले. जेवून परस्पर घरी गेले. प्रात्यक्षिक संपलं असं कुणीच म्हणालं नाही, आणि ज्याचं प्रात्यक्षिक संपलेलं नाही त्या गाडीतून चालकानं कामाच्या वेळेत उतरायचं नाही, हा कारखान्याचा जुना नियम आहे.

दुसऱ्या दिवशी मातीवाली क्रेनवाल्याकडे गेली. क्रेनवाला भला माणूस होता, बाबांचा दोस्त.

"ताई, आत्ता काढतो. फक्त रुतल्याचा आदेश आणा."

ती साहेबांकडे गेली. साहेब म्हणाले, "रुतलीय कुठे? उभी आहे."

"पोटावर उभी आहे, साहेब."

"नवीन पद्धत आहे. माहितीपत्रकात घातलीय आम्ही." मग त्यांनी आवाज खाली आणला. "एक मार्ग आहे. काकांनी कबूल करावं, की माझ्या चुकीमुळे गाडी रुतली. मग गाडी रुतली, मग क्रेन आली, मग गाडी जमा, आणि काका मोकळे. घरचं कार्य समजून करून देतो मी."

"चूक त्यांची नाही. हवा मी काढली होती, तुम्ही भरलीत."

"तुम्ही हवा काढली होतीत?" साहेबांनी फोटो समोर सरकवला. त्यात चारही टायर नवरदेवासारखे ताठ उभे होते. "यात कुठे दिसतंय? मॅडम, न केलेल्या गोष्टी कबूल करून कारखान्याचा वेळ घेऊ नका."

अशा रीतीनं तिचा गुन्हाही बाद झाला.

ती मैदानात गेली. फळ्या टाकून केलेल्या वाटेनं गाडीपर्यंत जाता यायचं. दार अर्धं मातीत होतं म्हणून ती खिडकीतून आत शिरली. बाबा स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत बसले होते, जणू सिग्नल लागलाय. तिनं साहेबांचा मार्ग सांगितला.

"नाही," बाबा म्हणाले.

"बाबा, एक सही आहे. सुटाल."

"माझी गाडी कधी रुतली नाही."

"बाबा, खिडकीतून आले मी आत्ता!"

"साहेब काय म्हणतात? रुतली नाही ना? मग. पहिल्यांदाच माझं आणि त्यांचं एकमत झालंय."

बाहेर फळीवर पाणी डुचमळत होतं. बाबांनी विचारलं, तिच्याकडे न बघता.

"हात कशाला हलवत होतीस?"

"थांबा म्हणून."

बाबांनी मान डोलावली. पुन्हा डोलावली.

"मला वाटलं, जा बाबा म्हणतेस."

"टायर बघितले असते तर कळलं असतं ना तुम्हाला?"

"लगेच."

"मग का नाही बघितलेत, बाबा? चढताना एकदा..."

"तू काढली म्हणाली होतीस ना," बाबा म्हणाले. रागानं नाही. रागानं म्हणाले असते तर तिला बरं वाटलं असतं.

महिना संपला. निरोपसमारंभ ठरल्याप्रमाणे झाला, फक्त निरोप घ्यायला बाबा नव्हते. गाडी जमा झालेली नसल्यामुळे त्यांना निवृत्त होता येत नव्हतं. भिंतीवरचं घड्याळ भेट द्यायचं होतं, ते साहेबांनी बाबांच्या वतीनं स्वीकारलं आणि बाबांच्या वतीनं आपल्या केबिनमध्ये लावलं. भाषणात ते म्हणाले, "काका आजही आपल्या जागेवर ठाम आहेत." हे मात्र खरं होतं.

तेव्हापासून बाबा रोज सकाळी कामावर जातात, फळ्यांवरून चालत जाऊन खिडकीतून गाडीत उतरतात आणि संध्याकाळी खिडकीतून वर येतात. आई डबा घेऊन येते. आधी ती डबा खिडकीतून आत द्यायची, आता खाली द्यावा लागतो. गाडी हलत नाही असं नाही. खाली हलते. घाई नाही तिला.

"आजचा डबा गार झालाय," आई वाकून सांगते.

"उद्या लवकर ये."

"उद्या तुम्ही अजून खाली असाल, जास्तच वेळ लागेल," आई म्हणते, आणि दोघंही त्यावर हसतात. मातीवाली हसत नाही. ती रोज काठी घेऊन खिडकी आणि माती यांच्यातलं अंतर बघते. हल्ली काठीची गरज लागत नाही, तळहात पुरतो.

हौदात कधी काही उगवलं नाही, पण इथे चाकाभोवतीच्या मातीत हिरवंगार गवत आलंय. साहेबांनी ताबडतोब त्याचा फोटो काढून घेतला. नव्या माहितीपत्रकात त्या गाडीला निसर्गाशी एकरूप होणारी म्हटलंय. बाबा कोपऱ्यात दिसतात, मानेपासून वर. ते हात हलवतायत. कुणाकडे बघून, ते फोटोत आलेलं नाही.

काल मातीवालीनं कार्यालयात अर्ज दिला. आवक कारकुनानं तो उलटसुलट करून पाहिला, शिक्का मारला आणि खुर्चीच्या डुगडुगणाऱ्या पायाखाली घातला. खुर्ची एकदम स्थिर झाली. अर्जाचा मजकूर असा:

"माननीय महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की, मागील मैदानातील गाडी रुतलेली आहे असे मानण्यास मंजुरी मिळावी, जेणेकरून ती बाहेर काढता येईल. सदर बाब कारखान्याच्या प्रतिष्ठेस बाधक असल्यास, गाडी न रुतलेलीच राहू द्यावी व केवळ चालकास रुतलेले समजून, त्यांच्याकडून कोणतीही कबुली न घेता, खिडकी शिल्लक आहे तोवर निवृत्त करण्यात यावे. तेही नियमात बसत नसल्यास, प्रात्यक्षिकाच्या दिवशी अर्जदाराने मंडपातून हलवलेला हात हा 'जा' असा नसून 'थांबा' असा होता, हे ग्राह्य धरून त्याची अंमलबजावणी त्या दिवसापासून पूर्वलक्षी प्रभावाने करण्यात यावी, ही नम्र विनंती."